पद्मिनीला ॲल्युमिनियम रेडिएटर: नागपूरचा उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

विक्रेत्याशी वॉरंटीवरून परवा फोनवर शेवटचं वाजलं, म्हणून आता मोकळेपणानं लिहितो.

गाडी १९८४ची पद्मिनी, तेच १०८९ सीसीचं इंजिन. मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पिऊन आतून गच्च झाला होता. रेडिएटरवाले काका म्हणाले, "भाऊ, कोअर (आतली जाळी) बदलून घ्या, पितळेले मरण नाही." तांब्याचा भाव ऐकला आणि ॲल्युमिनियमचा नवा मागवला. मारुती ८००चा पंख्यासकट बसवायचा सल्लाही होता, पुष्कळ जण बसवतात. पण ७९६ सीसीसाठी बनवलेला माल माझ्या इंजिनला जुंपायचा आणि वर वेल्डिंगही करायचं, हे पटेना.

हायवेवर पहिल्या दिवसापासून तक्रार नाही. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढलो, तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. पण मे महिन्यात व्हरायटी चौकातल्या सिग्नलला उभं राहिलो की काटा लाल पट्टीकडे निघायचा. बाहेर ४५ अंश, अंगावर घाम, नजर काट्यावर. पैसे पाण्यात गेले असंच मला तेव्हा वाटत होतं आणि तसं चार लोकांना सांगूनही झालं होतं.

मत फिरलं ते श्राऊडमुळे, म्हणजे पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या घेरामुळे. नव्या रेडिएटरसोबत तो येतच नाही. नागपूरकरांना हे समजवायला नको: कूलरची एक ताटी काढून ठेवली तर पंखा तिथूनच कोरडी हवा ओढतो, ओल्या ताट्यांकडे बघतही नाही. श्राऊड नसला की इंजिनचा पंखाही जाळीतून हवा ओढायचं सोडून बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. धावत्या गाडीत समोरून वारा येतो म्हणून हे झाकून जातं. उभ्या गाडीत इंजिन मंद, पंखा मंद, सगळं उघडं पडतं. शेवटी कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्याकडूनच पत्र्याचा श्राऊड करून घेतला. पात्यांच्या टोकापासून इंचभर अंतर ठेवलं, कारण इंजिन डोलतं. खर्च रेडिएटरच्या मानानं किरकोळ, आणि नवतपाही (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) बिनघोर गेला. त्यामुळे आधी श्राऊड करा, काटा बघा, मग रेडिएटरचा विचार करा.

बाकी सेटअप साधा. रेडिएटरचं झाकण ७ पीएसआय दाबाचं. दर पीएसआयमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशानं वाढतो, म्हणजे दहाएक अंशांची सवलत मिळते. १३चं टाकून पाण्याच्या जुन्या पंपाच्या सीलवर कशाला जोर द्यायचा? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, ८२ अंशांचा. मेकॅनिक तो काढून फेकायला निघाला होता, "नागपुरात याचं काय काम?" म्हणून. काम आहे. डिसेंबरच्या सकाळी इंजिन लवकर तापलं नाही तर चोक ओढून पेट्रोल कोण जाळणार? कूलंट तीस टक्के, बाकी डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट हवा तो गंजासाठी. जास्त ओतलं तर उलट उष्णता कमी वाहून नेली जाते.

आता खरी तक्रार. या रेडिएटरला ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, नाही! जुन्याला खाली पितळी कॉक होता, दोन बोटांनी फिरवला की खालच्या पातेल्यात नीट धार. इथे गाडीखाली आडवं व्हायचं, खालच्या होजचा क्लॅम्प ढिला करायचा, होज हलवत हलवत सोडवायचा. मग हिरवं पाणी कोपरावरून बाहीत, बाहीतून बनियनमध्ये, आणि उरलेलं फरशीवर. पातेल्यात पडतं ते अर्धंच. विकतचं कूलंट आहे हो ते, गाळून परत भरलं असतं! वर ते विषारी आणि चवीला गोड, त्यामुळे गल्लीतली कुत्री हाकलत फरशी धुवायची. या किमतीत एक कॉक देता येत नाही? बनवणाऱ्यानं स्वतः एकदा तरी गाडीखाली झोपून बघावं.

पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या टाकीच्या जोडाशी हिरवट खपली दिसली. बोटानं पुसली, दुसऱ्या दिवशी परत. विक्रेता म्हणतो, "तुम्ही इलेक्ट्रिक पंखा लावला असेल, अर्थिंग चुकलं, करंटनं ॲल्युमिनियम खाल्लं." असं होतं हे खरं. पण माझ्याकडे पंखा पट्ट्यावरचा आहे, कारण वीज बनवणाऱ्या डायनॅमोला मंद इंजिनवर इलेक्ट्रिक पंखा झेपत नाही. तरी मल्टिमीटरची एक तार कूलंटमध्ये, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून व्हिडिओ पाठवला. ०.१ व्होल्टच्या आत, म्हणजे करंटचा दोष नाही. मग म्हणे बोअरचं पाणी टाकलं असेल. डिस्टिल्ड वॉटरचं बिल पाठवलं. मग म्हणे वॉरंटी कोअरची आहे, जोडाची नाही! जोड काय मी घरी लावला?

कामठी रोडच्या एका आर्गॉन वेल्डिंगवाल्यानं तासाभरात जोड भरून दिला आणि सांगितल्यावर खाली आट्यांचं नळकांडं जोडून कॉकही बसवला. वॉरंटी गेली, जाऊ दे. रेडिएटर ठेवतोय. घेणाऱ्यानं पैसे भरण्याआधी श्राऊड, कॉक आणि जोडाची वॉरंटी या तिन्ही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. जुना पितळी काकांकडेच ठेवलाय. तांबं जरा उतरलं की त्यात नवीन कोअर टाकून घेईन, तोवर भंगारवाल्याला हात लावू देऊ नका म्हणून सांगितलंय.