ब्रीडिंग बॉक्स: बाळंतपणाला बेकार, पिल्लांना उत्तम

माशांच्या टाकीत लटकवायचा साधा प्लास्टिकचा ब्रीडिंग बॉक्स हिवाळ्यात घेतला होता. गप्पी, मॉली, प्लॅटी या सगळ्या पिल्लं देणाऱ्या माशांसाठी वापरला. नागपूरचा अख्खा उन्हाळा काढून झाला, म्हणून आता लिहितोय.

आत व्ही आकाराची, तळाला फट असलेली जाळी. मादी वर राहते, पिल्लू जन्मलं की फटीतून खाली जातं, आईच्या तोंडी पडत नाही. कागदावर झकास. पण भरलेली मादी एवढ्याशा जागेत कोंडली की बॉक्सच्या भिंतीला तोंड घासत वरखाली करत बसते. ताणाने कधी अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते, पोटाला पिवळी पिशवी तशीच चिकटलेली. ती क्वचितच जगतात. मॉलीला तर धड वळताही येत नाही. ‘आठवडाभर आधीच टाकून ठेवा’ हा दुकानातला सल्ला ऐकूच नका भाऊ.

गप्पीचे दिवस साधारण 4 आठवड्यांचे. पोट चौकोनी दिसू लागलं, पोटामागचा, शेपटीकडचा डाग काळाभोर झाला की टाकीत जावा मॉस या पाणवनस्पतीचा गच्च पुंजका सोडा आणि तिला तिथेच विऊ द्या. पिल्लं मॉसमध्ये दडतात. नंतर कपाने, पाण्यासकट उचलून बॉक्समध्ये घ्या. (नर वेगळा काढला म्हणून सुटका नाही. एकदा जोड लागली की मादी पुढचे कित्येक महिने वीत राहते.)

पिल्लांना मात्र बॉक्स मानवतो. पाणी टाकीचंच, तापमान तेच, वेगळा हीटर नको. आर्टेमिया (बारीक जिवंत खाद्य) किंवा चुरलेलं खाद्य समोरच मिळतं, म्हणून वाढ भराभर. तळाशी उरलेलं खाद्य रोज ड्रॉपरने ओढून काढावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी वास मारतं.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यात बॉक्समधलं पाणी हलत नाही. दुपारी सगळी पिल्लं वर येऊन हवेसाठी तोंडं मारायची. फटीखाली एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) ठेवला, झाकण काढलं, टाकीवर छोटा पंखा लावला. आपली हवा कोरडी, त्यामुळे पंख्याने पाणी दोन-तीन डिग्री तरी उतरतं. पण पाणी उडतंही तितकंच, आणि क्षार मागे राहतात. त्यावर पुन्हा बोअरचंच पाणी ओतत गेलं तर जडपणा चढत जातो. गप्पी-मॉलीला जड पाणी आवडतं हे खरं, तरी उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच घाला.

सगळ्यात रद्दी भाग म्हणजे सक्शन कप. उन्हाळ्यात कडक झाले, रात्री एक सुटला, बॉक्स तिरपा झाला आणि पिल्लांवर प्लॅटींनी मेजवानी झोडली. आता काठाला दोन बाइंडर क्लिप लावल्यात, बॉक्स हलत नाही. दोन-अडीचशेत मिळत असेल तर घ्या. त्याहून महाग असेल तर ते पैसे मॉसवर घाला.