‘हँग होतो म्हणजे नेमके काय होते?’ : विश्रामबागेतील एका लॅपटॉप दुरुस्ती दुकानाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी हिशेब लिहितो. हंगामात राजापुरी हळदीची आवक वाढली की सकाळी सौदे आणि दुपारपासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, असा दिवस जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेढीवरचा सहा वर्षांचा लॅपटॉप हँग होऊ लागला. वजन, हमाली, तोलाई भरून झालेली असायची, पट्टीसाठी शेतकरी बाकावर बसलेला असायचा आणि पडदा जागच्या जागी थिजलेला असायचा. पॉवरचे बटण दाबून धरायचे, लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटची नोंद चढली की नाही ते आधी पाहायचे, हे दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागले, तेव्हा दुरुस्ती आणखी पुढे ढकलण्यात अर्थ उरला नाही.

पहिल्यांदा मी दुसऱ्याच एका दुकानात गेलो होतो. तेथे लॅपटॉप उघडण्याआधीच ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ असा निकाल मिळाला आणि आठशे रुपये गेले. जेमतेम पंधरवडाभर काम सुरळीत चालले आणि मग दुखणे होते तसेच परत आले.

विश्रामबागेतील या दुकानात, आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर, माझे स्वागत मात्र प्रश्नांनी झाले. ‘काका, हँग होतो म्हणजे नेमके काय होते? माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो का? डिस्कचा बारीक दिवा त्या वेळी लुकलुकतो, की सलग पेटलेला राहतो?’ तीस वर्षे आकड्यांत घालवलेल्या मला यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. दुकानदाराने लॅपटॉप ठेवून न घेता तीन दिवस नोंद ठेवायला सांगून मला परत पाठवले. भर हंगामात हे ऐकून मी चिडलो होतो, हे कबूल करतो.

तरीही नोंद ठेवली. कोऱ्या पट्टीच्या पाठीवर तीन दिवसांत अकरा नोंदी झाल्या आणि त्यांतल्या नऊ एकाच जातीच्या निघाल्या : बाण हलतो, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, पण कोठेही क्लिक केले तरी काही उघडत नाही, डिस्कचा दिवा सलग पेटलेला असतो आणि वाट पाहिली तर एखाद-दोन मिनिटांनी सगळे पुन्हा चालू लागते. दुकानदाराच्या मते येथेच अर्धे काम झाले होते. कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देतो याचा अर्थ विंडोजचा गाभा जागा आहे आणि तो कशाची तरी वाट पाहत अडकून पडला आहे. दिवाही मेला असता, तर रॅम, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांच्याकडे आधी पाहावे लागले असते.

मग त्याने माझ्यासमोरच मागचे झाकण काढले. पंख्याची गरम हवा ज्या बारीक पत्र्यांमधून बाहेर पडते, त्या जाळीवर आतून हळदीच्या धुळीचा पिवळट नमदा बसलेला होता. चिमट्याने ओढल्यावर तो बोटभर लांबीचा एकच तुकडा होऊन निघाला आणि क्षणभर काउंटरवर हळदीचा वास पसरला. चोर सापडला, असे मला वाटले. दुकानदाराने जाळी साफ केली, प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पण वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसून नवी लावली आणि मुद्दाम ताण देऊन तापमान पाहिले, तेव्हा आधी ९६ अंश सेल्सिअसपर्यंत चढणारा आकडा ७८ च्या आसपास थांबू लागला. एवढ्यावर त्याने लॅपटॉप माझ्या हातात दिला असता, तर मी आनंदाने पैसे मोजून गेलो असतो. तो मात्र म्हणाला, ‘ही धूळ काढायलाच हवी होती, पण तुमचे दुखणे हे नाही.’ उष्णता वाढली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडली की लॅपटॉप सरळ बंद पडतो. बाण हलता ठेवून डिस्कचा दिवा सलग पेटवणे हे सहसा उष्णतेचे लक्षण नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी दुकानातच, तापमान ७० च्या खाली असताना, लॅपटॉप पुन्हा थिजला.

विंडोज बिघाडांच्या ज्या नोंदी ठेवते त्या दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नावावर ७ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदींची रांग होती. यातली पहिली खराब ब्लॉक सापडल्याची आणि दुसरी वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागल्याची असते. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तीत वाचता न येणाऱ्या म्हणजे ‘पेंडिंग’ सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा एका रात्रीत ४८ वरून ११२ वर गेलेला त्याने मला दाखवला. फॉरमॅटनंतर पंधरवडा बरा का गेला, याचाही उलगडा येथे झाला : विंडोज नव्याने टाकताना खराब जागेवर काही लिहिले गेले, की डिस्क त्या जागेऐवजी राखीव सेक्टर वापरू लागते, आणि बाकीच्या फायलीही वेगळ्या जागी पडतात, दुखणे जाते कोठेच नाही, फक्त पुढच्या वाईट जागेपर्यंत उसंत मिळते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती यापुढची सावधगिरी. डिस्क तपासून दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ची आज्ञा त्याने आधी चालवली नाही, कारण मरणाऱ्या डिस्कवर सगळी जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा भार टाकला तर उरलेला डेटाही जाऊ शकतो. प्रथम टॅलीचा फोल्डर, मग पट्ट्यांच्या फायली, मग बाकीचे, या क्रमाने त्याने नक्कल काढली. दोन वर्षांपूर्वीचा एक बॅकअप वाचता आला नाही आणि ते त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. नंतर ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी डिस्क, बसवून, मदरबोर्डाशी जोडलेल्या मूळ परवान्यावरच विंडोज टाकले. आधीच्या दुकानाने बिनपरवान्याची प्रत टाकली होती, हेही तेव्हाच कळले. एसएसडीचे ३,४००, साफसफाई व पेस्टचे ७०० आणि डेटा व विंडोजच्या कामाचे ९०० असे एकूण ५,००० रुपये झाले. तपासणीचे ३०० त्यांतच वळते करून घेतले.

तक्रारीही आहेत. चार दिवस लागले आणि त्या काळात केलेल्या सहा फोनांपैकी एकच उचलला गेला. खर्चाचा अंदाज तोंडी होता, आणि एवढे बारकाईने काम करणाऱ्या माणसाने बिलावर ‘लॅपटॉप दुरुस्ती’ एवढी एकच ओळ लिहावी, हे हिशेबनिसाच्या नजरेला खुपते; मागितल्यावर तपशील मिळाला, पण तो एसएसडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. खाली दुचाकी लावायलाही जागा नाही.

जुनी डिस्क न मागता परत मिळाली. तिच्यावर मार्करने ‘वापरू नये’ असे लिहिलेले आहे, आणि आमच्या पेढीवरचा पोरगा तिच्यात गाणी भरता येतील का, असे रोज विचारतो.