प्रीअँपचा पॉवर सप्लाय: ठाणे-नवी मुंबईच्या विजेवर कोणता बसवावा?

प्रीअँप (पॉवर अँप्लिफायरच्या आधीचा ऑडिओ टप्पा) बांधायला घेतला, किंवा जुन्या प्रीअँपचा सप्लाय बदलायचं ठरलं, की चर्चा थेट रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर येते. एलएम३१७ पुरेल की एलटी३०४५ घ्यावा? शंट रेग्युलेटर करावा की एसएमपीएसवर (स्विचिंग सप्लायवर) भागवावं? ही तुलना पुढे आहेच, पण त्याआधी दोन गोष्टींचा छडा लावा: तुमच्या घरात येणारी वीज कशी आहे, आणि रेग्युलेटरच्या पुढे कोणतं सर्किट बसणार आहे. हे ठाऊक नसेल तर महागातला रेग्युलेटर लावूनही हम (स्पीकरमधली गुणगुण) जागच्या जागी राहतो.

आधी भिंतीतली वीज

कागदावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पण मे महिन्यात रात्री दहाला सगळ्या सोसायटीचे एसी चालू असताना मीटरवर एक आकडा दिसतो आणि जुलैतल्या पहाटे दुसराच. दोन्ही वेळा मोजा आणि लिहून ठेवा. इथले हिशेब २०० ते २५० व्होल्ट धरून केले आहेत.

उदाहरणाला नेहमीचा १५-०-१५ व्होल्ट, ३० व्हीएचा टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) घेऊ. प्रीअँपचा लोड हलका, दोन्ही रेलना (अधिक आणि उणे पुरवठ्याला) १०० मिलिअँपिअर. एवढ्या कमी लोडला सेकंडरी १५ वर थांबत नाही, १६.५-१७ च्या आसपास राहते. ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) साधारण २३ व्होल्ट डीसी मिळतो. भिंतीत २५० झाले की तोच २५ होतो, २०० ला उतरले की १९.५ ते २०. म्हणून फिल्टर कपॅसिटर ३५ व्होल्टचेच घ्या. २५ व्होल्टचे इथे टिकणार नाहीत.

लाइट गेल्यावर सोसायटीचा जनरेटर किंवा घरचा इन्व्हर्टर लागतो, तिथे एक वेगळाच घोळ आहे. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचा आरएमएस २३० असला तरी त्याचा पीकही (लहरीचं टोक) जवळपास २३० च असतो; साइन लहरीचा ३२५. फिल्टर कपॅसिटर पीकवर भरतो, त्यामुळे २३ व्होल्टच्या जागी जेमतेम १६ मिळतात. १५ व्होल्टच्या रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागाच उरत नाही आणि रिपल (डीसीवर उरलेली १०० हर्ट्झची लहर) सरळ आउटपुटवर येतो. साधा मल्टीमीटर अशा लहरीवर सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो, म्हणून मीटर पाहून काहीच कळत नाही. लिनिअर सप्लाय इन्व्हर्टरवर चालवायचा तर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर हवा.

अर्थिंगही आत्ताच तपासा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायर जोडलेलीच नाही, असंही निघतं. तसं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्रीअँप नंतर.

ट्रान्सफॉर्मर: टोरॉइड, ईआय की आर-कोर

एकाच डब्यात सगळं बसवायचं असेल तर टोरॉइड, कारण त्याचं बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्र सर्वांत कमी. त्याची दुखणी दोन. प्रायमरी-सेकंडरीमधली कपॅसिटन्स जास्त असल्याने लिफ्टच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) कचरा आत येतो. दुसरं, मेनमध्ये थोडा डीसी शिरला की कोर सॅच्युरेट होऊन गुरगुरतो. शेजारी कुणी हेअर ड्रायर अर्ध्या उष्णतेवर लावला की हे हटकून होतं, कारण त्या सेटिंगला आतला डायोड अर्धीच लहर वापरतो.

दोन स्वतंत्र बॉबिनवर गुंडाळलेला ईआय (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा) याच्या उलट. मेनमधला कचरा कमी येऊ देतो, डीसी सहन करतो, पण चुंबकीय क्षेत्र बरंच सांडतो. फोनो स्टेजच्या (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्याच्या) हातभर अंतरातही तो नको. वेगळ्या डब्यात मात्र ईआय उत्तम. आर-कोर या दोघांच्या मधला. चांगला मिळाला तर घ्या, शोधत बसू नका.

टोरॉइड गुंडाळून घेताना चार गोष्टी लिहून द्या: प्रायमरी २४० व्होल्टची, फ्लक्स १.२ टेस्लाच्या आत, प्रायमरी-सेकंडरीमध्ये तांब्याच्या पत्र्याचा स्क्रीन, आणि स्क्रीनची वायर वेगळी बाहेर. पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर येताना मधे इन्सुलेशन हवं, नाहीतर तोच एक शॉर्ट झालेला वेढा बनतो. बसवतानाही तसंच: मधला बोल्ट डब्याच्या तळाला आणि झाकणाला, दोन्हीकडे टेकला की पुन्हा शॉर्ट वेढा. फ्यूज उडतो आणि दोष मात्र ट्रान्सफॉर्मरला दिला जातो.

हम बहुतेक वेळा वायरिंगचाच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १०० मिलिअँपिअरचा लोड असला तरी ब्रिजमधून करंट सतत वाहत नाही. प्रत्येक पीकला कपॅसिटर भरतो, तेव्हा क्षणभर ०.७ अँपिअरच्या आसपासचा झटका जातो, सेकंदाला १०० वेळा. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरचे १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ५ मिलिओहम. हा झटका त्यातून गेला की त्या तुकड्यावर साडेतीन मिलिव्होल्ट पडतात. सिग्नल ग्राउंड त्याच तुकड्यावर कुठेतरी टेकवलेला असेल तर हे साडेतीन मिलिव्होल्ट थेट गाण्यात मिसळतात. रेग्युलेटरांची तुलना मायक्रोव्होल्टांत चालते. ही चूक हजारपट मोठी आहे.

उपाय सोपा. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप दोन फिल्टर कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूवर आणा, तोही आखूड आणि जाड वायरने. त्या बिंदूवर दुसरं काही जोडायचं नाही. तिथून एकच वायर रेग्युलेटरच्या ग्राउंडपर्यंत जाईल, आणि सिग्नलचा स्टार ग्राउंड रेग्युलेटरच्या आउटपुट कपॅसिटरच्या पायाशी असेल. ट्रान्सफॉर्मर ते ब्रिज आणि ब्रिज ते कपॅसिटर या वायरी पीळ घालून न्या.

कानाने ओळखायची खूण अशी: खर्जातला, गोल असा ५० हर्ट्झचा आवाज असेल तर चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूप. ट्रान्सफॉर्मर बोल्टवर थोडा फिरवून पाहा. आवाज बदलला तर दोष क्षेत्राचा. खरखरीत, धार असलेला १०० हर्ट्झचा बझ असेल तर वर सांगितलेली ग्राउंडची चूक, किंवा रेग्युलेटरला व्होल्टेज अपुरं पडतंय.

आता रेग्युलेटर

एलएम३१७ आणि (उणे रेलसाठी) एलएम३३७. बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना बनवलेला एलएम३१७ आज पन्नाशीला आला, तरी लाइन स्टेजसाठी (सीडी प्लेअरसारख्या स्रोतांच्या टप्प्यासाठी) आम्ही पहिली शिफारस त्याचीच करतो. अॅडजस्ट पिनेवर १० मायक्रोफॅरॅड लावला की १०० हर्ट्झच्या आसपास ८० डीबीपर्यंत रिपल कापतो. हिशेब करून पाहा. २,२०० मायक्रोफॅरॅडवर १०० मिलिअँपिअरला रिपल साधारण ०.४५ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे ०.१३ व्होल्ट आरएमएस. ८० डीबी कापल्यावर उरतात १३ मायक्रोव्होल्ट. पुढे एनई५५३२ सारखा ऑप-अँप असेल तर तो स्वतः १०० डीबीच्या आसपास कापतो. उरलेलं इतकं कमी की ते ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

१५ व्होल्टसाठी २२० ओहम आणि २.४ किलोओहम, एक टक्का मेटल फिल्म. दोन संरक्षक डायोड १एन४००२ चे. आउटपुटवर ४७ मायक्रोफॅरॅडचा साधा इलेक्ट्रोलिटिक. तिथे नुसता छोटा फिल्म किंवा अतिकमी ईएसआरचा (अंतर्गत रेझिस्टन्सचा) पॉलिमर लावला की आउटपुट रिंग होतो. एलएम३३७ तर आउटपुट कपॅसिटरशिवाय स्थिरच राहत नाही. चुकतं कुठे? एलएम३१७ चा टॅब आउटपुटला जोडलेला असतो आणि एलएम३३७ चा इनपुटला. दोन्ही अभ्रकाशिवाय एकाच हीटसिंकवर कसले की धूर. प्रत्येकी ०.८ वॉट उष्णता होते, म्हणून छोटा हीटसिंक हवाच.

एलटी३०४५ आणि (उणे रेलसाठी) एलटी३०९४. १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात नॉइज फक्त ०.८ मायक्रोव्होल्ट, १ मेगाहर्ट्झलाही ७४-७६ डीबी रिपल कपात. आकडे थक्क करणारे आहेत आणि खरे आहेत. पण त्यांचा उपयोग कुठे? समजा फोनो स्टेजच्या पहिल्या टप्प्यात एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आहे, त्याचा ड्रेन रेझिस्टर थेट रेलला जोडलेला, गेन २०. एलएम३१७ चे ते १३ मायक्रोव्होल्ट इनपुटला ०.६५ मायक्रोव्होल्टसारखे दिसतात. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा सिग्नल ०.५ मिलिव्होल्ट, म्हणजे फरक ५८ डीबी. त्यात आरआयएए (रेकॉर्डसाठीचं ठरलेलं इक्वलायझेशन) १०० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १३ डीबी उचलून देतं. उरले ४५. रात्रीच्या शांततेत हा बझ स्पष्ट ऐकू येतो. अशा ठिकाणी एलटी३०४५ पैसा वसूल करून देतो. ऑप-अँपच्या लाइन स्टेजला मात्र तो लावून कानाला फरक पडेल असं आम्ही म्हणणार नाही.

आता त्याचा मोठा धोका. याची इनपुट मर्यादा २० व्होल्ट, आणि २२ च्या वर तो जळतो. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर साध्या २३० व्होल्टवरच २३ देतो हे वर पाहिलं. म्हणजे मॉड्यूल जोडताक्षणी संपलं. त्याच्याआधी एलएम३१७ आणि एलएम३३७ लावून १७ व्होल्टवर आणा, मग एलटी३०४५ ने १५ करा. नुसत्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी करून हे जमवू नका. पावसाळ्यात भिंतीत २५० आले की गणित पुन्हा बिघडतं.

सेट पिनेतून फक्त १०० मायक्रोअँपिअर वाहतात, १५ व्होल्टला १५० किलोओहम. बोर्डावर फ्लक्स तसाच राहिला आणि खाडीची दमट हवा लागली की त्या पिनेभोवती गळती सुरू होते. १०० नॅनोअँपिअर गळले तरी व्होल्टेज ०.१ टक्का हलतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, वर कॉन्फॉर्मल कोटिंग द्या. तयार मॉड्यूल घेताना आयसीखालच्या पॅडचं सोल्डरिंग नीट आहे ना हे पाहा. ते हाताने दुरुस्त करणं कठीण.

सुपर रेग्युलेटर. वॉल्ट जंग यांच्या लेखनातून १९९५ पासून हौशी मंडळींत पसरलेली ही रचना: ऑप-अँपने चालवलेला रेग्युलेटर, त्याच्याआधी एलएम३१७ चा प्री-रेग्युलेटर, आणि लोडपर्यंत नेलेल्या सेन्स वायरी. आउटपुट इम्पिडन्स फारच कमी. पण वायर थोडी लांबली किंवा आउटपुटला चुकीचा कपॅसिटर लागला की हा मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होतो, आणि मल्टीमीटरवर १५.०० च दिसत राहतं. घरी ऑसिलोस्कोप नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

शंट. वर ठरावीक करंट देणारा सोर्स, खाली लोडला समांतर शंट, जो उरलेला करंट पितो. लोड किती घेतो याचा ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूला पत्ताच लागत नाही. फीडबॅक नसलेल्या डिस्क्रीट क्लास-ए सर्किटांसोबत हा शोभतो, आणि आउटपुट चुकून शॉर्ट झाला तरी करंट सोर्सने ठरवलेल्यापेक्षा जास्त जात नाही. किंमत उष्णतेत मोजावी लागते. लोड ६० मिलिअँपिअर आणि सोर्स १५० वर ठेवला तर रेलमागे अडीच वॉट, दोन्ही मिळून पाच, अखंड. शोकेसच्या बंद कप्प्यात, मेच्या उकाड्यात, शेजारच्या इलेक्ट्रोलिटिकांचं आयुष्य दर १० अंशांमागे निम्मं होतं. हवा खेळेल अशी जागा असेल तरच.

एसएमपीएस कमी दर्जाचा म्हणावा का?

नाही. लिन आणि कॉर्ड या कंपन्या महागड्या ऑडिओत तो अनेक वर्षं वापरत आल्या आहेत. ९० ते २६४ व्होल्ट इनपुट चालतं, त्यामुळे व्होल्टेज पडो, चढो, की इन्व्हर्टर चौकोनी असो, रेल हलत नाही. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्रही नाही. फोनोशिवायच्या प्रीअँपला, जिथे व्होल्टेज फारच हलतं अशा ठिकाणी, आम्ही हाच सुचवू.

अडचणी दोन. पहिली, त्याचा कचरा दहा-शेकडो किलोहर्ट्झमध्ये असतो आणि तिथे एलएम३१७ ची कपात फार कमी उरते. म्हणून आधी एलसी (कॉइल-कपॅसिटर) फिल्टर, मग एलटी३०४५. १८ व्होल्टचा एसएमपीएस घेतला तर २० ची मर्यादाही आपोआप पाळली जाते. दुसरी, मेन फिल्टरमधले वाय कपॅसिटर (मेन आणि अर्थ यांमधले). अर्थ जोडलेला नसेल तर डब्याचं धातूचं अंग साधारण ११५ व्होल्टवर तरंगतं. हात लावला की झिणझिण्या येतात आणि आरसीए लावताना इनपुट स्टेज जाऊ शकते. अर्थिंग पक्कं नसलेल्या घरात हा पर्याय नकोच. विजांच्या दिवसांत, जून आणि ऑक्टोबरमध्ये, एसएमपीएसच्या आधी एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) आणि त्याच्याआधी फ्यूज ठेवा.

एक डबा की दोन

नेम (Naim) आणि पास लॅब्स या ऑडिओ कंपन्यांच्या वरच्या मॉडेलांत सप्लाय वेगळ्या डब्यात असतो. फोनो स्टेज आत असेल तर ते अनुकरण करण्याजोगं आहे. नुसत्या लाइन स्टेजला डब्याच्या दोन टोकांत २०-२५ सेंटिमीटरचं अंतर पुरतं. दोन डबे केले तर मधल्या केबलमधून कच्चा (रेग्युलेट न केलेला) डीसी न्या आणि रेग्युलेटर प्रीअँपच्या डब्यात ठेवा. उलटं केलं की केबलचा आणि कनेक्टरचा रेझिस्टन्स रेग्युलेटरच्या पुढे येतो, आणि पावसाळ्यात कनेक्टर काळवंडला की तो वाढतच जातो. चालू असताना ही केबल कधीही काढू नका. एक रेल आधी तुटली की आउटपुटवर डीसी जातो. त्यासाठी आउटपुटला पाच सेकंदांनी जोडणारा म्यूट रिले बसवलेला बरा.

पहिल्यांदा चालू करताना प्रीअँप जोडू नका. फेजमध्ये ४० वॉटचा पिवळा बल्ब सिरीज लावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बल्ब काढून प्रत्येक रेलला १५० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा, म्हणजे नेमके १०० मिलिअँपिअर. अर्धा तास चालवून हीटसिंकला हात लावून पाहा. शेवटी व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) १९५ व्होल्टपर्यंत खाली या आणि मीटर एसीच्या मिलिव्होल्टवर ठेवून, कपॅसिटरमधून, रेलवरचा रिपल पाहा. आकडा उडी मारून वर गेला तर ट्रान्सफॉर्मर एक पायरी मोठा, १८-०-१८ चा घ्या, आणि त्यासोबत फिल्टर कपॅसिटर ५० व्होल्टचे करा.