मशीन बंद, तरी रीडिंग येतच राहिलं

पेशंटच्या घरचं बीपी-शुगर दवाखान्यात दाखवणाऱ्या किटच्या नावाखाली आमच्या बेळगावच्या दवाखान्याला फसवलं, एकूण गेले ३,९७,९०० रुपये. हिशेब आधीच मांडतो, कारण जो तो "किती गेले?" एवढंच विचारतो आणि आकडा ऐकला की म्हणतो, "डॉक्टर असून?" दहा किट, प्रत्येकी २४,५०० प्रमाणे २,४५,०००. सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स ६०,०००. जोडणी आणि सिस्टरांचं ट्रेनिंग १५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५७,६००. झाले ३,७७,६००. निम्मे ऑर्डरबरोबर, निम्मे माल आल्यावर, दोन्ही वेळा एनईएफटी. शिवाय किटमधल्या सिमच्या रिचार्जच्या नावाखाली खात्यातून आपोआप कापलेले ४,९०० दोनदा. आणि सात पेशंटांनी कंपनीच्या क्यूआरवर परस्पर भरलेलं प्रत्येकी १,५०० डिपॉझिट, जे त्यांना आम्ही आमच्या खिशातून परत केलं.

गोड बोलणारा माणूस, हॉटेलातला डेमो, "बेळगावात पहिल्या पाच दवाखान्यांनाच हा दर" हे सगळं तुम्हाला माहीत आहे, सांगत बसत नाही. पण कल्पना खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. पेशंटच्या घरी बीपीचं, शुगरचं आणि ऑक्सिजनचं मशीन, ती ब्लूटूथने एका हबला, म्हणजे आकडे पुढे पाठवणाऱ्या डब्याला, जोडलेली, हबमध्ये सिम, आणि दवाखान्यातल्या स्क्रीनवर रोजचे आकडे. जांबोटी, कणकुंबीकडचा पेशंट बीपी दाखवायला येतो तो अर्धा दिवस मोडून, आणि बसच्या दगदगीत बीपी चढवूनच. त्या बीपीवर गोळी वाढवायची की नाही, हा आमचा रोजचा प्रश्न. हाव म्हणून नाही, गरज म्हणून घेतलं. हसायचं असेल तर हसा.

कळायला कुठे हवं होतं ते सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका गावात पावसात दोन दिवस लाईट नव्हती आणि मोबाईलला रेंजही नव्हती. त्या दोन्ही दिवशी त्या घरचं रीडिंग सकाळी बरोबर ७.३० ला स्क्रीनवर हजर. १२८/८२, १२६/८०. आम्ही विचारलं. उत्तर आलं, "सर, हब रीडिंग साठवून ठेवतो." चांगला हब साठवतो, हे खरंच आहे. पण साठवलेलं रीडिंग रेंज आल्यावर गठ्ठ्याने येतं. घेतल्याची वेळ ७.३०, पोचल्याची वेळ तिसऱ्या दिवशीची, अशा दोन वेळा दिसायला हव्यात. आमच्या स्क्रीनवर वेळेचा रकाना एकच होता. एवढं कळत असूनही मान डोलावली. ते आकडे मशीनचे नव्हतेच, सॉफ्टवेअर स्वतःच रोज नवे बनवत होतं. तो पेशंट पंधरा दिवसांनी समोर येऊन बसला तेव्हा बीपी १७८/१०४ होतं. स्क्रीनवरचे आकडे बघून गोळी तशीच ठेवली होती. पैशापेक्षा हे जास्त झोंबतं.

मग हब उघडला. आत साधं १० आकडी नंबरचं प्रीपेड सिम, तेही सुरू न केलेलं. अशा यंत्रांसाठी मिळणाऱ्या एम-टू-एम सिमचा नंबर १३ आकडी असतो. पहिल्याच दिवशी कंपनीला सिमचा नंबर विचारला असता तर विषय तिथेच संपला असता.

डेमोच्या वेळी हे करा, विकणाऱ्यासमोरच. हबची वायर काढा. स्क्रीनवर "संपर्क नाही" आलं पाहिजे, आकडा नव्हे. मग दोन जिने चढून उतरून लगेच स्वतःचं बीपी घ्या. मशीनवर दिसलेलाच आकडा एक-दोन मिनिटांत स्क्रीनवर यायला हवा. महिन्याचा कच्चा डेटा एक्सेलमध्ये मागा, त्यात प्रत्येक ओळीला मशीनचा अनुक्रमांक हवा. ऑक्सिमीटरमध्ये बोटाऐवजी पेन घाला. आमचं मशीन पेनलाही ९७ टक्के दाखवतं, नाडी ७२.

बीपीचं मशीन आपल्या दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा. पाच मिनिटं बसवून, त्याच हातावर आलटून पालटून तीन-तीन रीडिंग. बीपीच्या मशीनसाठीच्या आयएसओ ८१०६०-२ या मानकात सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिमीच्या आत लागतो, हे हाताशी असू द्या. कफकडेही बघा. दहाच्या दहा किटमध्ये २२ ते ३२ सेंटीमीटरचाच कफ होता. ३६ सेंटीमीटरच्या दंडावर तो ताणून बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. मोठा कफ मागितला तर "पुढच्या लॉटमध्ये". ग्लुकोमीटरच्या पट्ट्या बेळगावात एकाही मेडिकलमध्ये मिळत नव्हत्या, म्हणजे मशीन खरं असतं तरी पन्नास पट्ट्यांनंतर खेळणंच.

कागदांवर तर सगळं लिहिलेलंच होतं. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. माल आला कर्नाटकात, म्हणजे २९ मध्ये. अशा दोन राज्यांतल्या बिलावर आयजीएसटी लागतो. आमच्या बिलावर सीजीएसटी २८,८०० आणि एसजीएसटी २८,८००, जे एकाच राज्यातल्या विक्रीला लागतात. आणि पन्नास हजारांवरचा माल राज्याची हद्द ओलांडून आला तो ई-वे बिलाशिवाय, म्हणजे मालवाहतुकीच्या कागदाशिवाय. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली! हे बघायला अर्धा मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही. आम्ही का बघितलं नाही? डॉक्टरच्या सेवेला जीएसटी नाही, रिटर्न भरायचं नाही, त्यामुळे बिल फाईलला लावलं की काम संपतं. बहुतेक दवाखान्यांत असंच असतं, आणि या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

डब्यावर सीईचा शिक्का बघून समाधान मानलं, हेही कबूल. तो युरोपातला शिक्का, आपल्याकडचा परवाना नव्हे. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांप्रमाणे लेबलवर उत्पादनाचा परवाना क्रमांक हवा, बाहेरचा माल असेल तर आयातीचा परवाना आणि आयातदाराचा पत्ता हवा. विकणाऱ्याकडे एमडी-४२ ची, म्हणजे अशी उपकरणं विकायची, नोंदणी हवी, किंवा औषधविक्रीचं लायसन्स. "मेलवर पाठवतो" म्हणाला तर पैसेही मेलवरच पाठवा.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकातली. "दर पेशंटमागे महिना ४,००० रुपये विम्याकडून, अट एकच, ३० दिवसांत किमान १६ दिवस रीडिंग." हा सोळा दिवसांचा नियम अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या बिलिंगचा, तिथल्या ९९४५४ या कोडचा. तिकडचं कोष्टक उचललं, डॉलरचे रुपये केले आणि मराठीत छापलं. आपल्याकडे आरोग्य विमा म्हणजे मुख्यतः ॲडमिट झाल्यावरचा खर्च. घरच्या बीपीचे पैसे पेशंट देतो, नाहीतर कोणीच देत नाही. कुठली विमा कंपनी, कुठली पॉलिसी, हा एक प्रश्न पुरेसा होता. तीन एमडी बसले होते त्या डेमोला. एकानेही विचारला नाही.

बँकेच्या मँडेटवर, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीवर, सही करताना रक्कम आणि मुदत बघा. आमच्यावर कमाल ५०,००० लिहिलं होतं, आणि रक्कम "सादर होईल तेव्हा" कापायची. शाखेत सांगितलं, रद्द कंपनीनेच करायला हवं. तसं काही नाही. खातेदार लेखी अर्ज देऊन रद्द करू शकतो, अर्जावर पोच मात्र घ्या. आम्हाला तीन खेपा पडल्या.

आणि आता पोलीस. सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन लगेच लागला, पण ती सोय पैसे नुकतेच गेलेले असताना कामाची. आमच्या दुसऱ्या एनईएफटीला ४१ दिवस झाले होते. तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे शांतता. ठाण्यात गेलो तर, "माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब." माल नाही हो, पेनला नाडी दाखवणारा डबा मिळाला! मग म्हणे कंपनीचा पत्ता महाराष्ट्रातला, तिकडे जा. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून तिकडे गेलो, तर पैसे कर्नाटकातल्या खात्यातून गेले, इकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यायची. कलमाची प्रत काढून नेली, ती टेबलावर पालथी ठेवली गेली. औषध खात्यातल्या साहेबांना किट दाखवलं, त्यांनी चहा दिला. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच दावा करता येतो, पण समोरचा वकील "धंद्यासाठी घेतलेली वस्तू" म्हणून अडवणार, तेव्हा दवाखाना स्वतःच्या उपजीविकेचा आहे हे अर्जात पहिल्याच पानावर लिहा. पेशंटना द्यायचं पत्रही आजच लिहा, त्यांचे आधार आणि फोन नंबर त्या सॉफ्टवेअरमध्ये गेलेत, आता त्यांना फोन येणार.

इकडे तक्रार मराठीत घेतली नाही, कानडीत करून आणा म्हणाले. ८०० रुपये देऊन कानडीत करून आणली, दोन प्रती, तेव्हा कुठे शिक्का मिळाला आणि कागद पलीकडच्या ठाण्याकडे रवाना झाला. परवा तिकडून फोन आला. दहाही किट मूळ बिलासकट घेऊन या, आणि तक्रार कानडीत आहे, तेवढं मराठी भाषांतर जोडा.