१२५ ग्रेनचं फिक्स टोक : एका हंगामाचा अनुभव

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. गेल्या वर्षी जुलैतच मी आघातावर उघडणारी बाणाची जुनी टोकं बाजूला ठेवली आणि १२५ ग्रेनची (साधारण ८ ग्रॅम), तीन पात्यांची फिक्स टोकं घेतली; यांची पाती कायम उघडीच असतात. कारण त्याआधीच्या वर्षीची हरणाची मादी. बाण खांद्याच्या हाडावर लागून अर्धाच आत गेला आणि ती मक्यापलीकडच्या दलदलीत शिरली. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन फिरलो. सापडली सकाळी, तोवर कोयोटांनी मागचा भाग खाल्लेला. तिचे हाल झाले, मांसही वाया गेलं. ते अजून मनातून जात नाही.

नव्या टोकांची पहिली मादी १८ यार्डांवर, तोंड पलीकडे करून तिरकी उभी होती. बाण मागच्या बरगड्यांतून शिरला, पलीकडच्या पुढच्या पायाजवळून निघाला आणि मातीत रुतला. ती दचकून पळाली, थांबली, मागे वळून पाहिलं. शेपटी दोनदा हलली आणि ओकखाली कोसळली. मोजलं तर ४० यार्ड.

बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही, रक्तस्रावाने मारतो. दोन्ही फुप्फुसं फाटली की हरणाच्या हातात काही सेकंदच उरतात. त्या सेकंदांत ते जिवाच्या आकांताने धावतं की गोंधळून उभं राहतं, त्यावर अंतर ठरतं. म्हणून बाण सुटल्यावर मी मचाणावर हललोसुद्धा नाही, धनुष्य हातातच धरून ठेवलं.

टोकाइतकाच फरक वजनाने पडला. पूर्ण बाण ३९० वरून ४८० ग्रेनवर नेला आणि धनुष्याचा आवाज दबका झाला. बाण सेकंदाला २६५ फुटांच्या आसपास जातो, आवाज अकराशे फूट. दोरीचा आवाज आधी पोचतो, हरीण उडी घ्यायला पाय दुमडतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. हे माझ्यासोबत दोनदा झालंय.

तक्रार एकच, पण मोठी. पाकिटातली पाती पुरेशी धारदार नव्हती. ताणलेल्या रबरबँडला हलकेच टेकवलं तर तुटायला हवा, तो नुसता दबला. सगळी पाती दगडावर लावावी लागली. शिवाय सरावाची टोकं जिथे बसायची तिथून ही चार इंच डावीकडे जात होती. धनुष्यावरची बाणाची टेकण सरकवत सरकवत ऑगस्ट गेला.

नोव्हेंबरातल्या नराला बाण थोडा मागे लागला. बाणावरचं रक्त गडद, फेस अजिबात नाही, म्हणजे यकृत. फुप्फुसाचा वार असता तर अर्ध्या तासाने उतरलो असतो. इथे चुपचाप घरी गेलो आणि चार तासांनी माग काढला. १२० यार्डांवर, पहिल्यांदा बसला त्याच जागी तो मेलेला होता. पानं खाली दबलेली, पुढे एकही ठिपका नाही. मागे लागलो असतो तर उठून त्याच दलदलीत गेला असता.

ही टोकं मी ठेवणार आहे. तुमच्याकडे ऑगस्टभर रोज सरावाला वेळ नसेल, तर घेऊ नका.