‘पवित्र शास्त्र’ आर. व्ही. : राष्ट्र, परका आणि न्याय या विषयांसाठी वापरून पाहताना

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपासनेला सर्रास हातात दिसतं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’ म्हणजे मराठी बायबल, आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्शन, सुधारलेली) आवृत्ती. भाषेला ठेका आहे, मोठ्यानं वाचायला उत्तम, पाठांतराला सोपी. ‘भुकेले व तान्हेले’ हे शब्द एकदा कानावर पडले की जात नाहीत. पण देश, जात, परका माणूस, गरिबाचा हक्क असे विषय घेऊन कुणी अभ्यासगट चालवणार असेल, तर या आवृत्तीतले तीन शब्द आधी उकलून ठेवावे लागतात. नाहीतर चर्चा भलतीकडेच जाते.

पहिला ‘नीतिमत्त्व’. मत्तय ६:३३ मध्ये देवाच्या राज्याबरोबर झटून मिळवायचं ते हेच. मूळ ग्रीक शब्द दिकायोस्युने, त्याच्यामागे हिब्रू त्सेदाका. दोन्हींत माणसाचं वागणं आणि समाजातला न्याय एकत्र येतात. मराठी कानाला मात्र नीतिमत्त्व म्हटलं की निर्व्यसनी, सरळमार्गी माणूस आठवतो. न्यायसभा आणि बाजार त्यातून गळून जातात. उपाय साधा आहे: समासात पेन्सिलीनं ‘न्याय’ लिहावं आणि वचन दोन्ही शब्द घालून वाचावं. दुसऱ्या वाचनाला गटातले प्रश्न बदलतात.

हे नीट पटवायचं तर आमोस ८:५ पुरेसं आहे. व्यापारी म्हणतात, एफा लहान करू आणि शेकेल मोठा. एवढंच वाचून वाचक गोंधळतो, कारण छापील ओळीत त्याचा उलगडा नाही. एफा हे धान्याचं माप, साधारण २२ लिटरचं. शेकेल हे वजन, साधारण ११ ग्रॅमचं. तेव्हा नाणी नव्हती, गिऱ्हाईक चांदी तोलून देई. म्हणजे धान्य घालताना माप लहान आणि चांदी घेताना वजन जड: गरीब एकाच सौद्यात दोनदा नागवला जाई. मापात पाप म्हणतो ते हेच. आमोस हा संदेष्टा, दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या तकोवाचा गुराखी. उत्तरेच्या राज्यात बेथेलला जाऊन त्यानं हे सुनावलं, तेव्हा तिथल्या याजकानं त्याला ‘तुझ्या देशी जा’ म्हणून हाकललं (७:१२-१३). हे राजाचं पवित्रस्थान आहे, असं कारण दिलं. देवळावर राज्याचा हक्क सांगितला की कुणाचं तोंड आधी बंद होतं, ते इथे दिसतं. हा भाग वगळून नुसतं आठव्या अध्यायावर बोलू नये.

दुसरा शब्द ‘परदेशीय’. लेवीय १९:३३-३४ मध्ये परदेशीयाला स्वदेशीयासारखंच समजा, अशी आज्ञा आहे. आज परदेशी म्हटलं की पासपोर्ट, व्हिसा डोळ्यांपुढे येतो. हिब्रूतला गेर तसा नव्हे. स्वतःची जमीन नसलेला, गोत नसलेला, दुसऱ्याच्या गावात पोटासाठी राहिलेला माणूस म्हणजे गेर. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, उपरा. पाल टाकून राहणाऱ्या, गाव दारात उभं करत नाही त्या माणसाचा. ऊसतोडीच्या टोळ्या आणि वीटभट्ट्या ज्या मंडळीच्या आसपास आहेत, तिथे हा शब्द घालून वाचावं. आणि ३४व्या वचनावर थांबू नये. लगेच पुढची दोन वचनं खऱ्या तागडीची, खऱ्या एफाची आहेत. उपऱ्यावर प्रीती आणि खरं माप यांत मूळ लेखकानं अंतर ठेवलेलंच नाही.

तिसरा ‘राष्ट्र’, आणि इथे आवृत्तीची खरी अडचण आहे. ग्रीक एथ्नोस हा एकच शब्द मत्तय २८:१९ मध्ये ‘राष्ट्र’ होतो, तर रोमकरांस पत्रात ‘परराष्ट्रीय’. परराष्ट्र म्हणजे आपल्याला मंत्रालय आणि वकिलाती. मुळात अर्थ लोक, जनसमूह. झेंडा आणि सीमा असलेला देश नव्हे. हे न सांगता ख्रिस्ती माणसाचं राष्ट्रप्रेम या विषयावर वचनं काढली, तर पहिल्या शतकाच्या तोंडी विसाव्या शतकाची भाषा घातली जाते.

लूक ४ मध्ये येशू आपल्या गावी, नासरेथच्या सभास्थानात बोलतो. ते वाचताना गट बहुधा २१व्या वचनाला पुस्तक मिटतो. नासरेथकर संतापतात ते त्यानंतर, सारफथची विधवा आणि अरामी नामान या दोन परक्यांची नावं येशूच्या तोंडून निघाल्यावर. ३०पर्यंत वाचावं.

गलतीकर ३:२८ म्हणतं, ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही. त्यातलं ‘हेल्लेणी’ म्हणजे ग्रीक. हे सांगावंच लागतं. या वचनात जातीचं नाव नाही, म्हणून ते आपल्याला लागू नाही असं समजू नये. कोणत्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरायचं, ते १९५०च्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद ठरवतो. त्यात १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आदेश आणि वचन शेजारी ठेवून वाचावं. आणि आपल्या मंडळीतल्या सोयरिकीही त्याच वचनापुढे ठेवाव्यात, कारण सरकारकडे बोट दाखवणं सोपं असतं.

आर. व्ही.त ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक परंपरेत ७३. सामाजिक न्यायासाठी ही उणीव खरोखर जाणवते, कारण सिराख हे बोधवचनांचं पुस्तक आर. व्ही.त नाही. मजुराची भाकरी हिरावणारा खुनी, असं सांगणारा त्याचा ३४वा अध्याय वाचून १५१४ साली क्यूबात बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूंनी आपल्याकडे राबणारे मूळ रहिवासी मोकळे केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ही जोडीला ठेवावं. भाषा आजच्या वाचकाची आहे. पाठांतराला मात्र आर. व्ही.च बरी.

कागद पातळ आहे, बॉलपेनची शाई मागे उमटते. मोबाइलवर शोधताना ‘नीतिमत्व’ असा एकच त लिहिला तर हाती काही लागत नाही. छापील शब्दात दोन आहेत. ‘नीतिम’ एवढंच टाकावं, सगळी रूपं सापडतात.