बुलेटचा क्लच उघडल्यानंतरचे आठ महिने

वडिलांची १९८४ ची बुलेट ३५०. लोखंडी सिलिंडर, चार गिअर, गिअर उजव्या पायाला. गेल्या उन्हाळ्यात तिला दोन उलटे रोग एकदमच जडले. वैभववाडीहून करूळ घाट चढताना रेस दिली की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र तेवढीच रांगायची. आणि कोल्हापुरात सिग्नलला क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढायची, न्यूट्रल काही सापडायचं नाही. म्हणजे क्लच धरतही नव्हता आणि सोडतही नव्हता.

एका मिस्त्रीने केबल ताणून दिली. न्यूट्रल दोन दिवस बरं लागलं, घसरणं मात्र दुप्पट झालं. होणारच! क्लचच्या लिव्हरला सैलपणाच उरला नाही, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टमधला पुशरॉड (क्लच दाबल्यावर प्लेटा सुट्या करणारी दांडी) प्लेटांना सतत थोडं ढकलत राहतो. मग स्प्रिंगांनी त्या प्लेटा एकमेकींवर दाबायच्या तरी कशा?

मग घरीच उघडायचं ठरवलं. डावीकडचं प्रायमरी कव्हर, म्हणजे क्लचवरचं झाकण, फूटरेस्टजवळच्या एकाच मोठ्या नटवर असतं, ते बघून हुरूप आला. खाली परात ठेवा, तेल सगळं अंगावर येतं. अस्तराच्या प्लेटा जळकट झाल्या होत्या, त्या नव्या घातल्या. पण ओढण्याचं मूळ निघालं पोलादी प्लेटांत. आरशाच्या काचेवर ठेवल्या तर दोन प्लेटा चक्क डुलत होत्या. शिवाय ड्रमच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या, खाचांच्या कडांवर प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडलेले. क्लच दाबला की प्लेटा त्या खड्ड्यांत अडकायच्या, सुट्या व्हायच्याच नाहीत. खड्डे बारीक कानशीने घासून सपाट केले. या कामाला संध्याकाळ गेली, आणि माझ्या मते निम्मा गुण त्याचाच. नुसत्या नव्या प्लेटा घालून तसंच बंद केलं असतं, तर पैसे पाण्यात.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा. आधी केबल पूर्ण सैल. मग गिअरबॉक्सवरचं उजवीकडचं छोटं झाकण काढून आतला लॉकनट ढिला केला, स्क्रू पुशरॉडला टेकेपर्यंत फिरवला आणि अर्धा फेरा मागे घेतला. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवावा लागतो. माझं तीनदा चुकलं. शेवटी केबलच्या अ‍ॅडजस्टरने लिव्हरला २-३ मिमी सैलपणा ठेवला. कव्हर उघडंच होतं म्हणून इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनचा ताणही बघून घेतला.

तेल कारचं घालू नका. त्यातल्या निसरड्या रसायनांनी ओला (तेलात बुडालेला) क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बाइकचं तेल घेतलं, गाडी मेन स्टँडवर ठेवून लेव्हल स्क्रूपर्यंत भरलं.

आठ महिने झाले. तोच घाट मागे बायकोला बसवून तीनदा चढलो, एकदाही घसरली नाही. न्यूट्रलसाठीच असलेल्या टाचेच्या लिव्हरने न्यूट्रल पहिल्या टोल्याला लागतं. पहिल्या ३०० किमीनंतर सैलपणा कमी झाला होता, तेव्हा केबल पुन्हा जुळवली; त्यानंतर हात लावला नाही. सकाळी मात्र तेलाने प्लेटा चिकटलेल्या असतात, म्हणून क्लच दाबून दोन-तीन किका रिकाम्या मारतो, मगच सुरू करतो. वडील हे पूर्वीपासून करायचे; मला वाटायचं, नवसाचा काही प्रकार असेल.

एक रड उरली आहे. कव्हरचं रबर नवं घालूनही तेल झिरपतं. नट जास्त आवळला तर आणखीच झिरपतं, त्यामुळे तो नाद सोडला. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकलाय आणि महिन्यातून एकदा लेव्हल बघतो.